तीन रविवारांची सूचना

(दृश्य: अजिंक्यताऱ्यावरची सकाळ, उपासनामंदिराचे उघडे दार)

साताऱ्यातील या प्रोटेस्टंट ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासना संपत आली की पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, आशीर्वादाआधी एक कागद हाती घेतात आणि होऊ घातलेल्या विवाहाची सूचना वाचतात. वराचे नाव, वधूचे नाव, दोघांच्या मंडळ्या, आणि शेवटी, कोणास काही योग्य हरकत असेल तर ती कळवावी, अशी विनंती. हे तीन रविवार चालते. हरकत बहुधा कोणी घेत नाही. तरीही त्या क्षणी मागच्या बाकांवरची कुजबुज थांबते, कारण हे लग्न आता दोन घरांपुरते राहिलेले नाही, हे साऱ्यांना उमगते.

(दृश्य: हळद, मंगळसूत्र जवळून)

आदल्या संध्याकाळची ही हळद. पाळकांच्या प्रार्थनेनंतर आत्या, मावश्या, शेजारणी पुढे होतात. दुसऱ्या दिवशी वधू पांढऱ्या साडीत येते. काळ्या मण्यांत, दोन वाट्यांच्या मधोमध, सोन्याचा बारीक क्रूस आहे. मराठी संसाराची खूण आणि विश्वासाची खूण एकाच दोऱ्यात ओवलेली आहेत, आणि इथल्या ख्रिस्ती घरांना यात काही वेगळे केल्यासारखे वाटत नाही.

(दृश्य: वचने, अंगठ्या, नोंदवहीवर सह्या)

रोमन कॅथॉलिक मंडळीत विवाह हा सात संस्कारांपैकी एक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्या बाप्तिस्मा (ख्रिस्ती दीक्षा) आणि प्रभुभोजन (भाकर व द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी) हे दोनच संस्कार मानतात. विवाह त्यांच्या दृष्टीने देवासमोरचा करार आहे, आणि म्हणूनच इथे प्रत्येक वचन वधूवरांनी स्वतःच्या तोंडाने, सर्वांना ऐकू जाईल असे उच्चारायचे असते. 1872 च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार नोंदवहीवर वधूवर, पाळक आणि दोन साक्षीदार सह्या करतात. माझ्या मते मात्र साक्षीदार दोन नाहीत. बाकांवर बसलेले सगळेच आहेत, आणि पुढे या घरात भांडण झाले, आजार आला, तर दार ठोठावण्याचे कर्तव्यही त्यांचेच आहे.

(दृश्य: शहरातील जुने रस्ते)

याच साताऱ्यात 1917 मध्ये कवी नारायण वामन टिळक राहायला आले आणि येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ हे ख्रिस्ताच्या अनुयायांचे बंधुमंडळ सुरू केले. त्यांच्या 1895 च्या बाप्तिस्म्याने संसार दुभंगला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या, पुढे पतीजवळ परतल्या, आणि 1900 मध्ये स्वतःच्या निश्चयाने बाप्तिस्मा घेतला. विश्वास नवऱ्यामागून फरफटत येत नाही, तो बायकोला स्वतः गाठावा लागतो, हे मराठी मंडळीने या एका घरातून पाहिले.

विधवा, अविवाहित, टाकलेल्या स्त्रिया यांनाही मंडळी हेच कुटुंब आहे. त्यांच्यासाठी व्हायला हवे तेवढे अजून होत नाही.

(दृश्य: रात्र, सतरंजीवर बसलेले घर, पवित्र शास्त्राचे, म्हणजे बायबलचे, पहिले पान)

जेवणाआधीची ही घरची प्रार्थना. आजोबा अध्याय वाचतात, धाकटी नात त्यांच्या बोटामागे बोट फिरवते. शास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर या घराच्या नोंदी आहेत: जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, वरच्या ओळींची शाई फिकट तपकिरी झाली आहे, खालच्या निळ्या बॉलपेनच्या आहेत. आजोबा चष्मा सावरतात आणि शेवटच्या ओळीखाली नव्या सुनेचे नाव लिहितात.