उपवासातून वाचलेलं कुणाच्या ताटात जातं?

(नागपूरच्या ‘सदर’ नावाच्या वस्तीत उपवासकाळात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी,

यंदा राखेचा बुधवार, म्हणजे आम्हा ख्रिस्ती लोकांच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, १८ फेब्रुवारीला आला आणि त्याच आठवड्यात रमजानचे रोजेही सुरू झाले. संध्याकाळी मोमिनपुऱ्यात इफ्तारची गर्दी, दर शुक्रवारी आमच्या चर्चमध्ये क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या क्रुसापर्यंतच्या वाटचालीची प्रार्थना. आता थोड्याच दिवसांत रामनवमी येईल. पोद्दारेश्वर राममंदिरातून शोभायात्रा निघाली की रस्त्याच्या दोन्ही अंगांना सरबताचे आणि प्रसादाचे मंडप लागतील. ताजबागेच्या दर्ग्यात लंगर आहे, गुरुद्वाऱ्यात तर तो बारा महिने असतो. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर लाखोंनी येणाऱ्या लोकांना हे शहर जेवू घालतं. दानत आपल्याकडे भरपूर आहे, म्हणून ‘दान करा’ असं सांगायला मी उभा राहिलेलो नाही. मला बोलायचंय ते वाटपाबद्दल: कुणाच्या ताटात, कोणत्या वारी, किती वाजता. हे काम व्यवस्थेचं आहे, भक्तीचं नाही, असं आपण धरून चालतो. ती भक्तीच आहे असं माझं म्हणणं आहे.

इथे सगळेच ख्रिस्ती नाहीत, म्हणून उपवासकाळाबद्दल थोडं सांगतो. येशूने रानात चाळीस दिवस उपास केला, त्याची आठवण म्हणून ईस्टरच्या आधी आम्ही चाळीस दिवस पाळतो. मधले रविवार त्यात धरत नाहीत. कॅथलिकांचा नियम तसा सोपा आहे. १८ ते ५९ वयाच्या धडधाकट माणसाने राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला एकदाच पोटभर जेवावं, आणि उपवासकाळातल्या शुक्रवारी मांस खाऊ नये. राखेच्या बुधवारी मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात. त्यात येशू तीन गोष्टी सांगतो: दान, प्रार्थना आणि उपास. त्यांचा क्रम बघा. आधी दान आहे, उपास अगदी शेवटी. आपण मात्र सगळा भर शेवटच्या गोष्टीवर देतो. मांस सोडलं, चहा सोडला, मोबाइलवरच्या मालिका सोडल्या. ठीक आहे. पण सोडलेलं गेलं कुठे?

हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकात रोममध्ये लिहिला गेलेला हर्मास नावाच्या ख्रिस्ती लेखकाचा ग्रंथ आहे. त्यात उपासाची रीत अशी सांगितली आहे: त्या दिवशी फक्त भाकरी आणि पाण्यावर राहा, एरवी जे खाल्लं असतंस त्याची किंमत काढ, आणि तेवढे पैसे विधवेला, अनाथाला किंवा गरजवंताला दे. किंमत काढ! अंदाजाने नाही, हिशोबाने. त्याच शतकातला अथेन्सचा ख्रिस्ती तत्त्वज्ञ आरिस्टायडिस लिहितो की, ख्रिस्ती लोकांजवळ गरिबाला देण्याइतकं नसलं तर ते स्वतः दोन-तीन दिवस उपाशी राहतात आणि त्याची गरज भागवतात. म्हणजे उपास हाच दानाचा निधी होता. आता आपल्या घरचा शुक्रवार बघा. मटण आणलं नाही, त्याच्या जागी पनीर आणलं, तर वाचलं काय? नियम पाळला गेला, पण दुसऱ्याच्या ताटात एक घासही पडला नाही. मला हे मनापासून खटकतं. एक किलो तांदूळ आणि पाव किलो डाळ यांच्या खिचडीत दहा माणसांचं पोट बऱ्यापैकी भरतं. एका शुक्रवारच्या पनीरमध्ये ती खिचडी सहज बसते.

या पैशाला वाट करून देणाऱ्या संस्था आहेत. जर्मनीत १९५८ मध्ये स्थापन झालेली मिझेरिओर ही कॅथलिक संस्था उपवासकाळात भुकेसाठी निधी जमवते. अमेरिकेत १९७५ मध्ये एका शहरातून पुठ्ठ्याच्या डबीची प्रथा सुरू झाली. ती डबी जेवणाच्या टेबलावर ठेवतात आणि वाचलेले पैसे तिच्यात टाकतात. आपल्याकडे १९६२ साली स्थापन झालेली कारितास इंडिया याच काळात भूक आणि रोगराईविरुद्धची मोहीम चालवते. तिथे जरूर द्या. पण मी बोलणार आहे ते हाताने वाढण्याबद्दल.

त्यासाठी बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा सहावा अध्याय उघडू या. येशूचे शिष्य यरुशलेमेत एकत्र राहू लागले होते, गोरगरिबांना रोज जेवण वाटलं जात होतं, आणि तिथे तक्रार झाली. देव कसा आहे, येशू कोण होता, यावरून नाही, जेवणावरून. ग्रीक बोलणारे म्हणाले, रोजच्या वाटपात आमच्या विधवांकडे दुर्लक्ष होतं, स्थानिक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांना मिळतं. म्हणजे परक्या भाषेतली, ओळखपाळख नसलेली बाई रांगेत मागे राहत होती. प्रेषित, म्हणजे येशूने स्वतः निवडलेले शिष्य, त्यांच्यावर रागावले नाहीत. ‘फुकट मिळतंय ना, मग गप्प बसा,’ असंही कुणी म्हटलं नाही. त्यांनी सात माणसं निवडायला सांगितली. अट काय? चांगलं नाव असलेली, पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली. पंगतीत वाढायला! आणि निवडले कोण? स्तेफन, फिलिप्प, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. मूळ नावं सगळी ग्रीक आहेत. ज्यांच्या विधवा उपाशी राहत होत्या, बहुधा त्यांच्याच माणसांच्या हाती डाव दिला गेला. यातला स्तेफन पुढे ख्रिस्तासाठी मरणारा पहिला हुतात्मा झाला. आमच्या पहिल्या हुतात्म्याला जी पहिली जबाबदारी मिळाली, ती अन्नवाटपाची होती. हे मी चर्चमध्ये पुष्कळदा सांगतो, कारण अजूनही वाटपाचं काम आपण ‘पोरांनो, तुम्ही बघा’ म्हणून सोडून देतो.

आता यरुशलेमेतून मेडिकलच्या आवारात येऊ. नागपुरात ‘मेडिकल’ म्हटलं की सरकारी मेडिकल कॉलेजचा दवाखाना, वेगळं काही सांगावं लागत नाही. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, तिकडे बालाघाट, छिंदवाडा, इथून पेशंट येतात. पेशंटला वॉर्डात जेवण मिळतं. सोबत आलेला माणूस झाडाखाली, व्हरांड्यात, चादर अंथरून दिवस काढतो. औषधाला पैसे लागतील म्हणून तो आधी स्वतःचं जेवण कमी करतो. अशाच एका वाटपाच्या रांगेत एक बाई आली. हातात दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा होता. एक कप्पा भरून झाला आणि ती म्हणाली, “दादा, दुसऱ्यातबी द्या ना जी. पोरगी वर बसली हाये, बापाजवळ. तिले खाली येता येत नाही.” वाढणारा मुलगा चांगल्या घरचा, मनाने चांगला. पण त्याला सांगून ठेवलं होतं, एका माणसाला एकच. तो म्हणाला, पोरीला पाठवा. बाई काही बोलली नाही. डबा मिटून रांगेतून बाजूला झाली आणि तिथेच उभी राहिली. मागच्या एका म्हाताऱ्याने आपला वाटा घेतला आणि त्यातला अर्धा तिच्या डब्यात ओतला, तेव्हा ती गेली.

त्या मुलाला मी दोष देत नाही. ‘एकाला एकच’ हा नियम कुणी केला? ज्यांना रांग दिसत होती पण वॉर्ड दिसत नव्हता, त्यांनी. दवाखान्यात रांगेत येणारा माणूस बहुतेक वेळा दोघांचं जेवण न्यायला आलेला असतो. पेशंटजवळ कुणीतरी बसावंच लागतं. तिथला नियम ‘डबा दाखवा, भरून न्या’ असाच हवा. पत्रावळीपेक्षा डबा आणणाऱ्यांची रांग आधी लावावी. थोडं कमी तिखटाचं वेगळं काढून ठेवावं. ऑपरेशन झालेल्या माणसाला घरचा कुणीतरी त्यातलेच दोन घास भरवणार, हे उघड आहे. हे सगळं कळायला धर्मग्रंथ लागत नाहीत. वाटपाच्या आदल्या दिवशी तिथे जाऊन चार माणसांशी बोलावं लागतं. प्रेषितांनी सात जण निवडले ते याचसाठी.

दुसरी गोष्ट उन्हाची. उपवासकाळाचा शेवट नागपुरात चाळीस अंशांच्या उन्हात होतो. सकाळी सहाला शिजवलेला भात गंजात झाकून ठेवला, बाराच्या प्रार्थनेनंतर गाडीत घातला आणि दीडला उघडला, तर तो आंबूस लागतो. डाळ-भात एकत्र केलेली खिचडी त्याहून लवकर खराब होते. वाढपी म्हणतात, अजून चांगलंय, वास नाही. पण घरी आपण ते खाल्लं असतं का? उन्हाळ्यात वाटप सकाळी अकराच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर ठेवावं. भात आणि वरण वेगळं न्यावं, आणि चर्चमधल्या कार्यक्रमाची वेळ वाटपाला जुळवून घ्यावी. भुकेल्याने आपल्या कार्यक्रमासाठी थांबायचं नाही.

आता जरा अवघड विषय. आम्ही ख्रिस्ती लोक जेवण वाटतो तेव्हा शेजारी विचारतात, बदल्यात काय हवंय? विचारणाऱ्याचा मला राग येत नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या. नागपूर तेव्हा त्या प्रांताची राजधानी होती. उपासमारीने मरायला टेकलेल्या शेकडो मुली आणि बालविधवांना त्यांनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये नेऊन जगवलं. मला त्या कामाबद्दल अतिशय आदर आहे. तरी त्यावर धर्मांतराचा आरोप झाला आणि तो वाद अजून मिटलेला नाही. माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. पंगतीत प्रार्थनेची पत्रकं नकोत, नाव-गाव-जात विचारणं नको आणि फोटोही नकोत. खाणाऱ्या माणसाचा चेहरा आपल्या फेसबुकवर लावायचा हक्क आपल्याला कुणी दिला? उजवा हात काय देतो ते डाव्याला कळू नये, हे येशूने त्याच सहाव्या अध्यायात सांगितलंय.

आणि ज्यांना वाटतं की भुकेल्याला जेवू घालणं हे बाहेरून आलेलं मिशनरी खूळ आहे, त्यांनी अमरावतीकडे बघावं. शेंडगावला १८७६ मध्ये जन्मलेल्या गाडगेबाबांनी देव कशात आहे ते सांगताना यादीच दिली: भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषध. मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात न्यायाच्या दिवशी राजा जे विचारणार आहे, ते जवळजवळ याच शब्दांत आहे: मी भुकेला होतो, तहानेला होतो, परका होतो, उघडा होतो, आजारी होतो. त्याच यादीत गाडगेबाबांनी मुलांच्या शिक्षणाची आणि बेकारांच्या रोजगाराचीही भर घातली. पंगत वाढून हात धुणाऱ्या आमच्यासारख्यांनी ही भर नीट लक्षात घ्यावी.

सरकार काय करतं, असं कुणी विचारेल. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने सरकारने ठरवलेल्या ‘प्राधान्य’ कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला पाच किलो धान्याचा हक्क मिळाला. महाराष्ट्रात २६ जानेवारी २०२० पासून दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू झाली. या गोष्टी मोठ्या आहेत, त्यांची जागा आपण घेऊ शकत नाही आणि घेऊही नये. पण झाडाखाली राहणाऱ्या माणसाच्या हातात कोरडे तांदूळ दिले तर तो ते शिजवणार कशावर? अशा जागी आपली गरज आहे. २०२० मध्ये तर टाळेबंदी उपवासकाळातच लागली. ईस्टर १२ एप्रिलला होता, चर्च बंद होती, आणि नागपूरच्या बाहेरच्या रस्त्यांवरून मजूर चालत गावाकडे निघाले होते. त्या वेळी नागपूरकरांनी रस्त्याच्या कडेला चुली मांडल्या. कोण कुठल्या धर्माचा, हे विचारायला कुणाला सवड नव्हती.

आता ईस्टरकडे येतो. उपवासकाळ चाळीस दिवसांचा, पण ईस्टरचा सण पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा असतो. आनंदाचे दिवस उपासाच्या दिवसांपेक्षा जास्त आहेत. तरी आमचं अन्नदान ईस्टरच्या दुपारी संपतं. योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात, पुनरुत्थानानंतर, येशू तळ्याच्या काठी दिसतो. रात्रभर जाळं टाकून थकलेले शिष्य किनाऱ्याला येतात तर कोळशाच्या विस्तवावर मासळी भाजत ठेवलेली, जवळ भाकरी. तो म्हणतो, “या, न्याहारी करा.” मरणावर विजय मिळवलेला प्रभू चूल पेटवून बसला आहे. ज्याला ईस्टर पाळायचाय, त्याने ही गोष्ट ईस्टरच्या नंतरची आहे हे ध्यानात ठेवावं.

म्हणून माझी सूचना अशी. सणाच्या दिवशी मेडिकलपुढे चार गाड्या लागतात, अन्न उरतं, नाल्यात जातं. मधल्या मंगळवारी एकही गाडी नसते. आपण सणाचा दिवस इतरांना सोडू आणि मधला वार धरू. आवारात आधीपासून जे वाढतात, मग ते मंदिराचे असोत, दर्ग्याचे, विहाराचे की गुरुद्वाऱ्याचे, त्यांच्याकडे जाऊन त्यांचे वार विचारून घेऊ आणि रिकामा वार आपल्या नावावर लिहू. पन्नास दिवसांत सात मंगळवार येतात, पहिला ७ एप्रिलचा. प्रत्येक मंगळवारी सात घरं, प्रत्येक घराकडे एकच काम: कुणी तांदूळ, कुणी वरण, कुणी भाजी, कुणी गाडी, कुणी पाणी, कुणी वाढणं, कुणी भांडी. आवारात वाढायची परवानगी काढायला उद्या तिघे जण जाणार आहेत. त्यांच्यासोबत यायचं असेल तर सकाळी दहाला चर्चच्या फाटकाशी या. वही तिथे बाकावर ठेवली आहे. भांडी घासण्याच्या रकान्यात अजून एकही नाव नाही, ते आधी भरा.