शेगडीवरचा सूर

मंडळी, जपानच्या दरबारी संगीताची, म्हणजे गागाकुची मैफल कधी पाहिलीत तर एका वादकाशेजारी छोटी शेगडी दिसेल. हल्ली बहुधा विजेची. तो आपलं वाद्य मधूनमधून तिच्यावर धरून फिरवत असतो. हे वाद्य म्हणजे शो. वाटीएवढ्या बुडात बांबूच्या 17 नळ्या खोचलेल्या, त्यातल्या 15 नळ्यांच्या तळाशी धातूची पातळ पत्ती. श्वास आत घेतानाही वाजतं, सोडतानाही. तोंडातली वाफ पत्तीवर साचली की सूर बिघडतो, म्हणून ही ऊब. सूर मिळवायला पत्तीवर मेणाचा कण लावतात. पेटीच्या पत्त्या घासून ज्यांनी सूर मिळवलेत त्यांना यात नवल वाटणार नाही. नातंही आहेच. शोची थोरली बहीण, चीनची शेंग, 18व्या शतकात युरोपात गेली. तिथल्या कारागिरांनी पत्तीची युक्ती उचलली, आणि पुढे तीच पेटी होऊन आपल्या संगीत नाटकात येऊन बसली.

आता मुद्दा असा की हे संगीत परक्या श्रोत्यांपुढे मांडायचं कसं? पहिला प्रयत्न रुळलेल्या वाटेनं झाला. जपानी संगीतकार हिदेमारो कोनोए यांनी ‘एतेनराकु’ ही गागाकुतली सर्वांत परिचित रचना पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रासाठी लिहिली, आणि 1934 साली ऑर्केस्ट्राचे संचालक लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फियाच्या वाद्यवृंदाकडून ती ध्वनिमुद्रित करून घेतली. ऐकायला गोड आहे. पण माझं मत विचाराल तर त्यात मीठच राहून गेलं.

मीठ हा शब्द मी उगाच वापरला नाही. हिचिरिकी नावाचं, वीतभरही नसलेलं सुषिरवाद्य आहे. सनईसारखी दुहेरी पात, ती वाजवण्याआधी गरम चहात भिजवतात. ते सुरावर थेट जात नाही, खालून सरकत चढतं. आपण मींड म्हणू. जपानी वादक त्याला ‘एम्बाई’ म्हणतात, आणि तो शब्द ज्या अक्षरांनी लिहितात त्यांचा अर्थ मीठ आणि उमे नावाचं आंबट फळ. म्हणजे चवीचा अंदाज! त्याच वेळी बासरी, र्‍युतेकी, तीच चाल आपल्या वाटेनं जरा वेगळी वाजवते. दोघांची जी घासाघीस होते ती ऑर्केस्ट्रात लिहिलेल्या ठरावीक सुरावर उभ्या राहणाऱ्या व्हायोलिनांत कुठून येणार?

1959 साली मात्र खुद्द राजवाड्याचे वादक न्यूयॉर्कला गेले. न्यूयॉर्क सिटी बॅले या नृत्यसंस्थेचे एक संस्थापक लिंकन कर्स्टीन यांच्या पुढाकारानं तिच्या कार्यक्रमांत त्यांचं वादन-नर्तन झालं. गंमत बघा, हे लोक पाश्चात्त्य संगीताला अनोळखी नव्हते. मेजी काळापासून, म्हणजे 19व्या शतकाच्या उत्तरार्धापासून, राजवाड्याच्या वादकांना व्हायोलिन-चेलोही शिकावं लागतं, कारण परदेशी पाहुण्यांच्या मेजवानीला तेच वाजवतात. त्यांना समोरच्यांची भाषा येत होती. समोरच्यांना यांची येत नव्हती.

ती आली ती वर्गांतून. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात, हवाईत, 2006 पासून कोलंबिया विद्यापीठात विद्यार्थी गागाकु वाजवायला शिकू लागले. शिकणं सुरू होतं ते वाद्याशिवाय. मांडीवर हात मारत ताल धरायचा आणि चाल बोलांत गायची: बासरीसाठी तोऽ, राऽ, रो... याला ‘शोगा’ म्हणतात. तोंडात बसल्याशिवाय हातात वाद्य येत नाही. पखवाजाचे बोल टाळी देत पाठ केलेल्यांना वेगळं काय सांगू? एकदा शोगा अंगात भिनला की हे संगीत संथ वाटत नाही. दोन ठोक्यांच्या मधली जागा भरलेली असते, श्वासानं. समोर ताल दाखवणारा कुणी नसतो. काक्को या लहान ढोलाचा वादक गती धरतो, बाकीचे एकमेकांचा श्वास ऐकतात.

आता कुणीतरी विचारणारच, म्हणून सांगून टाकतो. होय, भारताचा धागा आहे. 736 साली बोधिसेन नावाचे भारतीय भिक्षू जपानात पोचले. 752 साली नारा शहरातल्या तोदाइजी या बौद्ध मंदिरातल्या महाबुद्धाचे डोळे उघडण्याचा विधी त्यांच्याच हातून झाला. त्यांच्यासोबत आजच्या व्हिएतनाममधल्या चंपा राज्याचे एक भिक्षूही होते, आणि काही नृत्यं या दोघांनी आणली अशी परंपरा आहे. त्यातलं एक कलविंक या बौद्ध कथांतल्या पक्ष्याचं: चार मुलं, पाठीला पंख, हातात छोटी झांज. म्हणून ‘आमचंच तिकडे गेलं’ असं मात्र म्हणू नका. यात चीन आहे, कोरिया आहे, आणि हजारांहून अधिक वर्षं सांभाळणारे जपानी घराण्यांचे लोक तर आहेतच.

बराच बोललो. आता ‘एतेनराकु’ लावतो. गागाकुच्या वाद्यांवरचं खरं, ऑर्केस्ट्राचं नव्हे. आधी बासरी एकटीच चाल धरेल, सोबत ढोल. मग शो मागून धुक्यासारखा पसरेल आणि हिचिरिकी घुसेल. ती पहिल्यांदा कानाला बोचेल. बोचू द्या. पंखे तेवढे बंद करता का कुणी?