हेतू कुठे आहे?

[दृश्य : दांडिया बाजार, सकाळ. वाड्याची ओसरी.]

बडोद्यातल्या या ओसरीवर आजोबा झोपाळ्यावर बसलेत आणि सातवीतली नात समोर उभी आहे. वादविवाद स्पर्धा चार दिवसांवर आलीय. विषय, प्रत्येक गावात वाचनालय हवंच. भाषण कवितेच्या ओळींनी सुरू होतं, आवाज चढतो, हात वर जातो. आजोबा पायानं झोपाळा थांबवतात. "छान. पण हेतू कुठे आहे?"

[दृश्य : चूल, धूर.]

हेतू म्हणजे आधार. आपलं म्हणणं दुसऱ्याला पटवायला न्यायदर्शनानं, म्हणजे तर्काचा विचार करणाऱ्या प्राचीन भारतीय दर्शनानं, पाच पायऱ्या सांगितल्या, आणि दाखला घेतला स्वयंपाकघरातला. डोंगरावर आग आहे, ही प्रतिज्ञा, म्हणजे सिद्ध करायचं म्हणणं. कारण तिथे धूर आहे, हा हेतू. जिथे धूर तिथे आग, जसं स्वयंपाकघरात, हे उदाहरण. डोंगरावरही तसाच धूर आहे, हा उपनय. म्हणून तिथे आग आहे, हे निगमन. शेवटचं वाक्य पहिल्यासारखंच, पण आता ते निराधार नाही.

[दृश्य : लोहाराची भट्टी. शब्द सावकाश.]

आता हा लोखंडाचा गोळा पाहा. लालबुंद. आग आहे, धूर नाही. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, हाच तापलेला गोळा पुढे करत. धूर आहे म्हणून आग आहे, हे चालेल. आग आहे म्हणून धूर असणारच, हे चालणार नाही. धुरासाठी सरपण ओलं लागतं. ही न सांगितलेली अट म्हणजे उपाधी. युक्तिवाद फसतो तो बहुतेकदा इथेच.

नातीनं लिहिलं होतं, 'वाचनालय आहे, म्हणून गाव वाचतं.' आजोबांनी विचारलं, "आणि दाराला कुलूप असलं तर?"

[दृश्य : मध्यवर्ती ग्रंथालय. काचेची जमीन खालून.]

मांडवीजवळच्या या ग्रंथालयात दोघं उत्तर शोधायला आली. लोखंडी मांडण्यांच्या मधली जमीन काचेची आहे. वरचा उजेड खालच्या पुस्तकांवर झिरपतो. सयाजीराव गायकवाडांनी १९०६ मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. शिकलेलं टिकायचं तर पुस्तक हाताशी हवं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. फिरत्या ग्रंथालयाच्या पेट्याही गावोगाव जात.

पुस्तक वाचकापर्यंत नेणारं कुणीतरी हवं. ते ओलं सरपण. नातीनं प्रतिज्ञाच बदलली, 'रोज उघडणारं, माणूस नेमलेलं वाचनालय प्रत्येक गावात हवं.'

[दृश्य : ओसरी. वही जवळून.]

मग आजोबा विरुद्ध बाजूनं बोलले. मोबाइल आहे, खर्च आहे, वाचणारे कमी आहेत. नात लिहून घेते. हा पूर्वपक्ष. समोरच्याचं म्हणणं त्यालाही मान्य होईल अशा शब्दांत आधी मांडायचं, उत्तर नंतर. सत्यासाठी चालतो तो वाद, केवळ जिंकण्यासाठी तो जल्प. स्वतःची बाजूच न मांडता नुसतं खोडत राहणं ही वितंडा. हा फरक प्रत्येक शाळेत शिकवला जायला हवा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

स्पर्धेत तिचा दुसरा क्रमांक आला.

[दृश्य : वहीचं शेवटचं पान.]

कवितेच्या ओळी तिनं खोडल्या नाहीत. मन वळवण्याच्या साधनांत ॲरिस्टॉटलनंही युक्तिवाद आणि वक्त्याची विश्वासार्हता यांच्याबरोबर श्रोत्यांच्या भावना मोजल्या होत्या. त्या ओळी आता शेवटी आल्यात, निगमनाच्या खाली.