फळ्यावरचा गुणाकार

(काळा फळा. खडू धरलेला हात.)

एकाचे दोन, दोनाचे चार, चाराचे आठ. सदुसष्ट वेळा दुप्पट करायची, शेवटी एक वजा करायचा.

१४७५७३९५२५८९६७६४१२९२७

एकं, दहं, शतं म्हणत डावीकडे सरका. परार्धापर्यंत आलात तरी तीन अंक उरतातच.

(अंधारात दिव्यांची रांग.)

फक्त शून्य आणि एक वापरणाऱ्या द्विमान पद्धतीत हीच संख्या अशी दिसते: ६७ एक, मध्ये शून्य नाही. एकूणएक दिवे पेटलेले.

(पुन्हा फळा.)

मॅरं मर्सेन यांनी १६४४ मध्ये ही मूळ संख्या असल्याचं लिहून ठेवलं. १८७६ मध्ये एदुआर ल्युका यांनी ते खोडलं, पण विभाजक एकही न दाखवता. त्यांच्या कसोटीचं आजचं रूप असं: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येनं भागून बाकी तेवढी ठेवा. असं ६५ वेळा. शेवटी शून्य आलं तर मूळ. इथे येत नाही.

मग तुकडे कोणते? विभाजक असलाच, तर १३४ च्या एखाद्या पटीत एक मिळवलेला असणार. तरीही चाळायला डोंगर उरतो. पहिला विभाजक येतो तो १४,४५,५८० व्या पटीला. फ्रँक नेल्सन कोल यांचे तीन वर्षांचे रविवार यात गेले म्हणतात.

३१ ऑक्टोबर १९०३. न्यू यॉर्क, अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीची बैठक. कोल फळ्यापाशी गेले आणि, सांगतात की, एक शब्दही न बोलता त्यांनी हा गुणाकार मांडला.

(वर ७६१८३८२५७२८७, खाली १९३७०७७२१.)

उजवीकडून सुरुवात. एकाची ओळ, दोनाची ओळ. मग सात. खालच्या संख्येत सात तीनदा आहे, म्हणून ५३३२८६७८०१००९ ही ओळ तीनदा येते, दर वेळी घर बदलून. मध्ये शून्य; त्याची ओळ लिहायची नाही, जागा मात्र सोडायची. आमच्या पहिल्या टेकला इथेच घोटाळा झाला, सगळा फळा पुसावा लागला. तीन, नऊ, एक. आठ ओळी झाल्या. आता बेरीज, हातचे सांभाळून.

(चाळीस सेकंद निवेदन नाही. फक्त खडूचा आवाज.)

आज हे दोन तुकडे संगणक क्षणात काढतो. याहून कितीतरी लांब संख्यांचे तुकडे सहजी पडत नाहीत, त्यावर ऑनलाइन व्यवहारांची कुलपं टिकून आहेत.

(फळ्याचा कोपरा.)

नवाचा ताळा. वरच्या संख्येचे अंक मिळवले: ६४, मग १०, मग १. खालच्या संख्येचे ३७, १०, १. एक गुणिले एक, एक. उत्तराच्या अंकांची बेरीज १०९. त्याचे दहा. दहाचा एक.

(हात खडू खाली ठेवतो.)