शेवटच्या नळाचं पाणी

नमस्कार श्रोतेहो.

मृगाचा पाऊस पडला की आपल्या पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडच्या पाड्यांवर हमखास ऐकू येतं, "नवं पाणी आलंय, पोट बिघडणारच." आरोग्यसेवक म्हणून मीही ते वर्षानुवर्षं ऐकून घेतलं. पण पाणी नवं आहे म्हणून पोट बिघडत नाही. पाण्यात घाण शिरते म्हणून बिघडतं, आणि ती कुठून शिरते हे शोधता येतं.

एका पाड्यावर जुलाबाची साथ आली. विहिरीत टीसीएल, म्हणजे पाणी निर्जंतुक करायची क्लोरीनची पावडर टाकलेली, टाकी धुतलेली, टाकीच्या पाण्याची ओटी टेस्टही पिवळी आलेली, म्हणजे पाण्यात क्लोरीन होतं. तरी खालच्या आळीत घरोघरी आजारी माणसं. मग आम्ही पाइपलाइनच्या कडेकडेनं चालत निघालो. शाळेमागे व्हॉल्व्हचा खड्डा होता. वर झाकण नाही, आत गुडघाभर गढूळ पाणी, शेजारी उकिरडा. व्हॉल्व्हला बारीक गळती होती. पाणी चालू असताना ते बाहेर झिरपायचं. पाणी बंद झालं, पाइप रिकामा होऊ लागला, की खड्ड्यातलं पाणी आत ओढलं जायचं. सकाळचा पहिला हंडा त्याच पाण्याचा. आळीतल्या शेवटच्या नळाला ओटी टेस्ट केली, तर रंगच आला नाही.

तेव्हापासून माझं ठाम मत आहे की टाकीवरची टेस्ट अर्धीच. नळाच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरायला हवं, आणि ते शेवटच्या घरी मोजायला हवं.

प्रयोगशाळेत नमुना पाठवायचाच. पण अहवाल हाती येईपर्यंत ते पाणी पिऊन झालेलं असतं. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं २००४ पासून जलसुरक्षा आराखड्यावर भर दिला. विहिरीपासून नळापर्यंत स्वतः चालायचं, घाण कुठे शिरू शकते ते टिपायचं, तिथे कोण आणि किती दिवसांनी बघणार ते ठरवायचं, आणि बिघाड दिसला तर त्या दिवशी काय करायचं हेही आधीच लिहून ठेवायचं.

टीसीएलचं पोतं उघडं राहिलं, ओल लागली, की त्यातला क्लोरीन उडून जातो. मग माप बरोबर टाकूनही उपयोग होत नाही. चांगली पावडर असेल तर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम पुरते, आणि त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडायचं नाही. हा अर्धा तास घाईत हमखास बुडतो.

निफाडकडच्या बागायती भागात बोअरचं पाणी पिणाऱ्यांनी खतांतून पाण्यात उतरणारं नायट्रेटही तपासून घ्यावं. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते क्लोरीननं जात नाही, उकळूनही जात नाही.

त्या पाड्यावर पुढे खड्ड्याला सिमेंटचं झाकण बसलं, गळती दुरुस्त झाली. बचतगटातल्या दोघीजणी सकाळी शेवटच्या नळावर टेस्ट करून शाळेच्या जुन्या वहीत लिहू लागल्या: तारीख, वेळ, पिवळं की बिनरंगी. बिनरंगी आलं की त्याच पावली जलसुरक्षकाला, म्हणजे गावच्या पाण्याची देखरेख करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला निरोप.

ओटीची बाटली तुमच्याही जलसुरक्षकाकडे मागा. उद्या पाणी सुटेल तेव्हा त्यांना तुमच्या वस्तीच्या शेवटच्या नळापर्यंत घेऊन जा, आणि जाताना वाटेतल्या प्रत्येक व्हॉल्व्हच्या खड्ड्यात वाकून बघा.

नमस्कार.