फोंड्यातलं झेरॉक्स दुकान आणि एक पेनड्राइव्ह

(पाऊस. शटर वर जातं.)

फोंडा, सकाळचे साडेआठ. पणजीची कदंबा बस वळण घेते आणि बसस्थानकाजवळचं हे शटर उघडतं. झेरॉक्स, लॅमिनेशन, मराठी-कोंकणी टायपिंग, लग्नपत्रिका, जत्रेची हँडबिलं. आत तीन कॉम्प्युटर.

मधल्याच्या पडद्यावर एक सूचना रोज येते. विंडोज १० चे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. हवी तर वर्षभराची मुदतवाढ मिळते, पण दुकानाचे मालक भाई, त्यांनी तीही घेतली नाही. ‘नंतर’ या बटणावर बोट ठेवलं आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

मशीन २०१६ ची, इंटेलच्या सहाव्या पिढीची. विंडोज ११ ला आठवी पिढी किंवा त्यापुढची लागते, शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय. म्हणजे चालती मशीन, पण कागदोपत्री बाद.

(स्क्रू ड्रायव्हर. झाकण निघतं.)

भाईंची पुतणी झाकण काढते. नऊ-दहा पावसाळ्यांची ओल आणि धूळ. पंख्यामागे पालीच्या अंड्याचं टरफल. ते आम्ही चित्रीकरणासाठी ठेवलेलं नाही. ब्रश, ब्लोअर, मग चार स्क्रू. जुनी हार्ड डिस्क बाहेर, तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क. पुढे मशीन जी चपळ झालेली दिसेल, त्यातली अर्धी करामत या एसएसडीची. विंडोज ठेवलं असतं तरी फरक पडलाच असता.

गिऱ्हाइकांच्या फायली आदल्या रात्रीच दुसऱ्या डिस्कवर उतरवल्यात. आता पेनड्राइव्ह. त्यावर लिनक्स मिंट, विंडोजच्या जागी बसणारी ऑपरेटिंग सिस्टिम, साधारण ३ जीबीची. डिस्कवर काहीही न लिहिता ती पेनड्राइव्हवरूनच चालवून बघता येते. मुलगी तेच करते. वायफाय लागलं. स्कॅनर दिसला. प्रिंटरने चाचणीचं पान टाकलं, तेव्हा भाई पहिल्यांदा खुर्चीवरून उठले.

(पडद्यावर हिरवी पट्टी सरकते.)

पट्टी सरकतेय तोवर थोडं मागे जाऊ. १९९१ मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने स्वतःच्या पीसीसाठी लिनक्स हा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहायला घेतला आणि तो इंटरनेटवर सगळ्यांना खुला केला. आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही तोच लिनक्स आहे. लिनक्स आपल्याला झेपणार नाही म्हणणारे भाई तो रोज खिशात घेऊन फिरत होते.

दुकानातलं काम तरी कसलं? जमिनीचा एक-चौदाचा उतारा काढायचा, वीजबिल भरायचं, नोकरीचा अर्ज भरून फोटो चिकटवायचा. सगळं ब्राउझरमध्ये. खाली कुठली ऑपरेटिंग सिस्टिम आहे, हे रांगेतल्या माणसाला कळतसुद्धा नाही.

(कीबोर्डवर बोटं.)

घोडं अडलं ते टायपिंगपाशी. भाईंची वीस वर्षांची सवय टाइपरायटरच्या पद्धतीची: ‘शिगमो’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग श. आता कीबोर्ड इनस्क्रिप्ट पद्धतीचा: त्यात आधी श, मग वेलांटी. व्यंजनं उजव्या हाताला, स्वर डाव्या. मराठीला आणि कोंकणीला तोच कीबोर्ड, आणि युनिकोड, म्हणजे सगळीकडे चालणारा अक्षरांचा संकेत, असल्यामुळे लिहिलेलं व्हॉट्सअ‍ॅपवर जसंच्या तसं पोचतं. जुन्या फाँटमधला मजकूर तिथे पाठवला की इंग्रजी अक्षरांचा भुसा व्हायचा. पहिल्या दिवशी एका हँडबिलाला पाऊण तास लागला. आठवड्याने पंधरा मिनिटं.

(कोपऱ्यातली मशीन. कॅमेरा थांबत नाही.)

कोपऱ्यातली मशीन मात्र विंडोजवरच आहे. छापखान्याला कोरलड्रॉचीच फाइल लागते, हिशेबनीसाला टॅली, आणि दोन्ही लिनक्सवर सरळ चालत नाहीत. तिचं इंटरनेट काढून टाकलंय.

दुपारी एक आजी येतात, ओल्या पिशवीतून सर्व्हे नंबरची चिठ्ठी काढतात. भाई मधल्या मशीनवर बसतात.

“बसा आजी, आत्ता काढून देतो.”

(प्रिंटरमधून पान बाहेर येतं.)