पायथनवाल्यांनी दोनदा निवड केली

व्हर्जन कंट्रोल, म्हणजे कोडमधला प्रत्येक बदल नोंदवून ठेवणारं साधन, कोणतं घ्यायचं, असं विचारलं की आज कुणी विचार करत बसत नाही. गिट, विषय संपला. म्हणून ज्यांनी खरोखर बसून विचार केला, त्यांची हकिगत सांगतो.

२००८ साली पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कोड सबव्हर्जन नावाच्या साधनात होता. इतिहास एका सर्व्हरवर, आणि कमिट करायचा, म्हणजे बदल त्या इतिहासात नोंदवायचा हक्क मोजक्या लोकांना. बाहेरचा एखादा दोन महिने सुधारणेवर खपला तरी त्याच्या हातात काय, तर एक पॅच फाइल, म्हणजे फक्त बदललेल्या ओळींची यादी. मधले टप्पे नोंदवायची सोय नाही. तोवर मूळ कोड पुढे सरकला की पॅच बसायचा नाही. करा पुन्हा ठाकठोक. म्हणून प्रत्येकाजवळ पूर्ण इतिहासाची प्रत असेल अशी प्रणाली हवी होती. उमेदवार तीन: बझार, गिट, मर्क्युरियल. (शेवटची दोन तशी जुळी भावंडं. बिटकीपर या तशाच पण खासगी मालकीच्या प्रणालीचा फुकट परवाना लिनक्सचा गाभा (कर्नल) लिहिणाऱ्यांच्या हातून गेला आणि २००५च्या एप्रिलमध्ये दोन्ही जन्माला आली.)

पायथनचे विकासक ब्रेट कॅनन आणि सहकाऱ्यांनी तुलनेचा मसुदा लिहिला, पेप ३७४ (पेप म्हणजे पायथनमधल्या बदलांचा लेखी प्रस्ताव). मला त्याची पद्धत फार आवडते. वैशिष्ट्यांचा तक्ता मांडून टिकमार्क करण्याऐवजी त्यांनी आपली रोजची कामं लिहून काढली. एखादी किरकोळ दुरुस्ती करायची आहे. तीच जुन्या आवृत्तीतही न्यायची आहे. दोघांना मिळून नवं काही बांधायचं आहे. रिलीज काढायची आहे. आणि प्रत्येक काम तिन्ही साधनांत कोणत्या आज्ञा देऊन होतं, ते शेजारी शेजारी लिहिलं. हे वाचताना साधन कुठे अडतं ते आपोआप दिसतं.

मार्च २००९मध्ये कौल मर्क्युरियलला मिळाला. गिट वेगात सरस होतं. पण पायथनच्या विकासकांची पसंती मर्क्युरियलला होती, सबव्हर्जनच्या सवयीतून ते शिकायला सोपं होतं, आणि ते स्वतः पायथनमध्येच लिहिलेलं. घरचं माणूस! प्रत्यक्ष स्थलांतराला मात्र मार्च २०११ उजाडला. विंडोजवर ओळीचा शेवट वेगळ्या चिन्हांनी होतो, एवढ्याशा गोष्टीनेही बराच घोळ घातला.

आणि १ जानेवारी २०१६ला त्याच कॅनननी जाहीर केलं, आता गिटहब, म्हणजे गिटमधला कोड ठेवायची एका कंपनीची ऑनलाइन सेवा. मर्क्युरियल बिघडलं नव्हतं. पण दरम्यान हातभार लावू शकणारी बहुतेक मंडळी गिटहबवर जाऊन बसली होती. गिटलॅब ही तशीच दुसरी सेवाही शर्यतीत होती. सोयींत दोघांत फार फरक नाही, लोकांना गिटहब आधीच येतं, या मुद्द्यावर निकाल लागला. ‘मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प बंदिस्त सेवेवर का?’ हा आक्षेप मला आजही रास्त वाटतो. तरी त्यांच्या जागी मीही तेच केलं असतं.

१० फेब्रुवारी २०१७ला कोड हलला. बगांची नोंदवही जुन्याच ठिकाणी राहिली, ती २०२२मध्ये हलली. तिच्यातल्या जुन्या चर्चांत कमिटचे कुठे सबव्हर्जनमधले क्रमांक, कुठे मर्क्युरियलमधले. गिटमध्ये तीच कमिट तिसऱ्याच नावाने नांदते.